शनिवारचं ताट

बसतो ताई, बसतो, पन मले एका जागी फार वेळ बसवत नाही, आधीच सांगून ठेवतो, मधातच उठली तं राग नका मानू, गॅसवर भात हाये अन् रस्त्याकडंही पाहा लागते. तुमी लिहा. माहं नाव कुसुम, माहेर एकोडीचं, साकोलीकडचं, अन् दिलं मले इकडं अड्याळले. बापाची धानाची शेती, आई रोवनीले जाये, आमी पोरं शेताच्या कडेच्या धुऱ्यावर खेळत राहो. आईचं डोकं दुखे. सगळं तिथूनच सुरू होते, म्हनून तिथून सांगतो. महिन्या-पंधरवड्यात एक दिस असा ये का आई घरापुढल्या सपरीच्या कोपऱ्यात पदर डोक्याले कच्चून बांधून, भिताडाकडं तोंड करून पडे, अन् आमी पोरायनं गंज-भांडं जरी आपटलं तरी ओरडे, वाजवू नका रे मेल्याहो, माह्या डोक्यात वाजते. अर्धशिशी म्हनत तिले. बाप म्हने नाटक हाये, रोवनीच्या टायमालेच कशी येते वो तुही अर्धशिशी? आता मले समजते काहून येते. दिसभर वाकून, बांधीतल्या, धानाच्या वाफ्यातल्या, पान्यावर ऊन चमकते ते सारं डोळ्यात, अन् पोटात काय तं सकाळची पेज, मंग नाही येईन तं काय होईन? पन तवा कोनाले समजे, बापाले तं नाहीच.

मंग मी शानी झाली अन् मलेही सुरू झालं. आई रडली त्या दिवशी, माय वो, तुले बी दिलं मी, म्हने. लय उपाय केले. दिस निघायच्या आधी उठून दुधात जिलबी खायची, कोनाशी न बोलता. सुंठ उगाळून कपाळाले लावली, नाकात तूप टाकलं, एका भगतानं निंबाचा डाहाळा डोक्यावरून फिरवला, अन् एका बाईनं इथं, हे पाहा, कानाच्या वरते, बिब्याचा डाग देला, अजून दिसते. डोकं कायचं राहते? जिलबी मातर मी लय खाल्ली, डोकं नसन दुखत तरी सांगो का दुखून राहिलं, खोटं कायले बोलू.

लग्न झालं. आमचे हे, नाव नाही घेत मी, तुमी नका विचारू, लय चुप मानूस. दिसभर शेतात, घरी आला का पानी दे, जेवाले दे, एवढेच शब्द. सासू मातर बोलनारी. आत्याबाई म्हनतो मी तिले. सकाळी डोळे उघडले का तिचं तोंड सुरू होते ते झोपेपर्यंत, मले म्हने एकोडीच्या पोरी कामाच्या बऱ्या पन डोक्याच्या कच्च्या. मी बी काही कमी नाही, मी म्हनो, डोक्याची कच्ची म्हनून तं तुमच्या घरी आली. भांडत राहो आमी, पन एका ताटात खाओ असं होतं. तिच्या एकुलत्या एका लेकाची मी बायको, एवढं ती कधी विसरली नाही, अन् मले बी कधी विसरू देलं नाही.

माही पोरगी, पूनम, दुडूदुडू चालत होती तवाची गोष्ट. धान कापनी सुरू होती, अन् आमच्या यायले बांधीत साप लागला. मन्यार होता म्हनत. पेंढी उचलाले हात घातला अन् बोटालेच धरलं. लोकायनं आरडाओरडा केला, कोनी म्हने भगताकडं न्या, कोनी म्हने दवाखान्यात न्या, शेजारच्यानं जीपमंदी टाकलं अन् सरळ भंडाऱ्याले नेलं, म्हनून आज तुमाले चहा पाजाले घर हाये माहं. मी जीपमंदी मागं बसली होती, यायच्या पापन्या खालते पडून राहिल्या होत्या, जीभ जड झाली होती, मी हालवून राहिली, झोपू नका, झोपू नका. इंजेक्शनं दिली, नळ्या लावल्या. अन् दवाखान्याच्या फाटकापाशी आत्याबाईनं जमिनीवर डोकं टेकलं अन् मारुतीले बोलली, माहं लेकरू वाचव देवा, माही सून जन्मभर शनिवार कोरडा धरीन. कोरडा म्हनजे समजलं ना? पानी बी नाही. दिस बुडेपर्यंत घोट नाही का घास नाही.

सून धरीन म्हने! मी तिथंच उभी होती, मले विचारलं नाही. पन ताई, त्या घडीले तिनं म्हनलं असतं का सून विहिरीत उडी टाकीन, तरी मी हावच म्हनली असती. मानूस आत मरून राहिला होता. अन् तो वाचला. मंग काय बोलाल तुमी? आत्याबाईनं एक गोष्ट अजून सांगतली, ज्याच्या जिवासाठी धरलं त्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, कोनालेच सांगायचं नाही, सांगतलं का व्रत फुटते. मी नाही सांगतलं. यायले वाटे, गावातल्या साऱ्या बाया धरतात तसा ही बी शनिवार धरते.

अन् तवापासून माह्या डोक्यानं जे धरलं ते सोडलंच नाही. शनिवारी दुपारपासून मानेपाशी कोनीतरी अंगठा दाबून राहिलं असं वाटे. रविवारी सकाळी डोळ्यापुढं एका अंगाले, हे पाहा ह्या अंगाले, असं चकाकत ये, तळ्याच्या पान्यावर ऊन हालते ना तसं. समोरच्या मानसाचं अर्धंच तोंड दिसे. मंग ते चकाकनं जाये अन् ठोके सुरू होत. एकाच अंगाले. ओकारी, ओकारी, ओकारी, पोटात काही नाही तरी ओकारी. उजेड नोको, आवाज नोको, कोनी कांद्याची फोडनी देली तं वास डोक्यात खुपसे. मी म्हनो मले गोधडीत गुंडाळून कोठीत टाकून द्या पन माह्यासंग बोलू नका.

अन् काम कोनतं भेटलं मले? शाळेत खिचडी रांधायचं. हासू नका. पोरायच्या मधल्या सुट्टीची खिचडी. सारी फोडनीच फोडनी, मोठ्ठा गंज, चुलीचा धूर होता तवा, गॅस मंग आला, अन् सुट्टी झाली का पोट्टे थाळ्या बडवत येत, खिचडीवाली मावशी, खिचडीवाली मावशी! काही दिस असे गेले का मी एका हातानं डोकं दाबून राहिली अन् एका हातानं झारा फिरवून राहिली. शनिवारी तं आखीनच, साऱ्या शाळेले पोटभर वाढलं अन् सोता सुक्या ओठायनं भांडे घासले. पोट्टे म्हनत मावशी, तू काहून नाही खात, मी म्हनो तुमाले पाहूनच माहं पोट भरते रे. थांबा, भात उतरवतो अन् जरा पाहून येतो रस्त्यावर... नाही आले अजून. लिहा.

डोकं वाढत गेलं तसे उपाय वाढत गेले. कोनी सांगतलं गुरुवार धर, डोकं थांबन. धरला. थांबलं नाही तं सोमवार धरला. मंग चतुर्थी. डोकं दुखते म्हनून उपास, अन् जितके उपास धरले तितकं डोकं दुखे, अन् मी अजून देवाले म्हनो, माहं काय चुकून राहिलं बापा? माही अक्कल पाहा. चतुर्थीच्या आठवड्यात तं जेवाचे दिस उपासाच्या दिसापेक्षा कमी होत. अन् वरतून गोळ्या. किराना दुकानात भेटते ना डोकेदुखीची गोळी, तेलासंग, साबनासंग. सकाळी एक खाऊनच शाळेत जाओ, दुपारी एक, काही दिस रातच्याले बी. दुकानवाला हासे, वहिनी, साखर विसरता पन गोळी नाही विसरत तुमी. मी म्हनो, साखर नसली तं चहा फिका लागते, गोळी नसली तं मीच फिकी पडतो. हासतच होती मी तवा. पन तुमाले खरं सांगतो, काही रविवारी गोधडीत पडल्या पडल्या वाटे का आता पुरे झालं, मारुतीले म्हनो, त्याचा जीव ठेव अन् माहा घेऊन जा, म्हनजे हिशेबच मिटते. पोरगी बाहेर खेळून राहिली असे, तिचा आवाज आला का मी तो विचार गिळून टाको.

पोरगी मोठी झाली, पवनीले कालेजात जाऊ लागली बसनं, अन् तिनंच मले वढून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मी म्हनलं डोक्याचा फोटो काढा लागन, नळीत घालून काढतात ना तो, शेजारनीचा काढला होता. डाक्टरीनबाई कवळी पोरगी, आपल्या पूनमपेक्षा जराशी मोठी असन. तिनं डोळ्यात बत्ती मारून पाह्यलं, बोट इकडं पाहा, तिकडं पाहा, हात दाबा, पायावर हातोडी ठोकली, अन् विचारत बसली. कोनत्या अंगाले दुखते, आधी काही दिसते का, ओकारी होते का, आईचं दुखे का. मी म्हनलं हाव, हाव, हाव. म्हने फोटोची गरज नाही मावशी, हे मायग्रेन हाये, तुमी अर्धशिशी म्हनता तेच. हा डोक्याचा खरा आजार हाये, नाटक नाही, नजर नाही, भूत नाही. तुमाले काय सांगू, नाटक नाही म्हनली ना ती, मले रडूच फुटलं. आईले कोनी असं म्हनलं असतं तं.

मंग समजावलं तिनं. म्हने काही लोकायचा मेंदू जास्तच नाजूक राहते, जरा इकडचं तिकडं झालं का भडकते. झोप कमी झाली, ऊन लागलं, उग्र वास आला, पाळीचे दिस आले, अन् सगळ्यात मोठं म्हनजे भूक. उपाशी नाही राहायचं, पानी भरपूर प्यायचं, येळेवर झोपायचं. अन् ह्या दुकानातल्या गोळ्या बंद. मी म्हनलं त्या खाऊनच तं जिवंत हाये. म्हने नाही मावशी, रोज खाल्ल्यानं आता त्या गोळ्याच डोकं दुखवून राहिल्या, डोकं गोळी मागते अन् गोळी डोकं दुखवते. एक गोळी देली रोजची, दुखो का नोको दुखो, येऊ नये म्हनून. एक देली दुखनं सुरू झाल्या झाल्या घ्यायची, वाट पाहत बसायची नाही, अन् ती बी आठवड्यातून दोन दिसापेक्षा जास्त नाही. अन् म्हने आधी वाढन, मंग कमी होईन, घाबरू नका. मंग विचारलं, उपास करता का?

मी म्हनलं गुरुवार, सोमवार, चतुर्थी. ती कपाळाले हात लावून बसली. शनिवार नाही सांगतला, पूनम सांगाले गेली तं तिचा हात दाबला. कसा सांगू? काहून धरता म्हनन, मंग नवस सांगा लागन, अन् व्रत फुटलं तं? बाहेर बाकड्यावर हेच बसले होते माह्या चपला सांभाळत.

दुकानातली गोळी सोडली ते दिस नका विचारू. सैतानानं धरलं होतं मले. दुकानापुढून जाताना पाय आपोआप वळे, मी दुसऱ्या गल्लीनं शाळेत जाऊ लागली. मंग हळूहळू उतरलं. गुरुवार, सोमवार, चतुर्थी मीच बोलली होती, मीच नारळ फोडून सोडले, देवाले म्हनलं समजून घे बापा. अधेमधे चार-चार दिस डोकं मोकळं राहे, मले तं भेवच वाटे, एवढं हलकं डोकं माहंच हाये का म्हनून. पन रविवार काही सुटे ना. डाक्टरीनबाई विचारे, रविवारीच काहून मावशी? रविवारी जास्त झोपता का? शनिवारी जागरन होते का? मी म्हनो नाही. तिनं गोळी वाढवून देली, त्या गोळीनं मले दिसा गुंगी ये, एक दिस झारा हातात धरून उभ्या उभ्या डुलकी लागली अन् खिचडी करपली. पोट्टे म्हने मावशी, आज खिचडीचं बी डोकं दुखून राहिलं का? पूनम सगळं पाहत होती, पन तिलेही नवस माहीत नव्हता, तिले वाटे आई भक्तिन हाये.

मंग ते झालं ज्याचं मले भेव होतं. एका गुरुवारी पूनम बसमधून उतरली ती भिताडाले धरून धरून घरी आली. तोंड पांढरं फक. अंगनातच ओकली. मी तिले पाह्यलं अन् मले माही आई दिसली, डोक्याले पदर बांधलेली. डोळ्यापुढं चकाकून राहिलं म्हने आई, पुस्तकातलं अक्षर अर्धंच दिसे. मी म्हनलं काय खाल्लं होतं सकाळी? म्हने काही नाही, मागं दोन-तीन खेपा डोकं दुखलं होतं, म्हनून गुरुवार धरला. कोनं सांगतलं? आजीनं, म्हने डोकं थांबते. मी म्हनलं अवं शहानी तू, कालेजात जाते, डाक्टरीनबाईनं तुह्यापुढंच सांगतलं ना उपाशी नाही राहायचं म्हनून? तं ती काय म्हनली, सांगू? आई, ते तं तुलेही सांगतलं होतं, तू तं शनिवारी पानी बी नाही पेत.

झालं. मी आत्याबाईवर गेली, कायले सांगतलं पोरीले? ती म्हने, तुलेच दुखलं तवा तूच धरला होता ना, मंग मी काय वाईट सांगतलं? तिचं बी खरंच होतं. साऱ्या घरानं माह्याकडूनच शिकलं होतं. दोन दिस मी भुतासारखी फिरली घरात, भांडं उचललं का ठेवाचं विसरो, ठेवलं का कुठं ठेवलं विसरो. इकडं नवरा, तिकडं लेक. शनिवारी जेवली अन् यायले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू? नाही जेवली तं पोरगी माह्यासारखीच गोधडीत पडन, अन् तिची पोरगी तिच्यासारखी.

शनिवार आला. कापनीचेच दिस होते, हे बांधीत. दुपारी मी भात अन् लाखोरीचं वरन वाढलं, दोन ताटं केली, पूनमले म्हनलं ये बस. आत्याबाई दारात आली. काय करून राहिली वो? म्हनलं जेवून राहिली. हळूच म्हनली, पोरीले ऐकू जाईन म्हनून, माह्या लेकाचा जीव हाये तुह्या घासात. मी म्हनलं माह्या लेकीचा बी हाये. अन् खाल्ला तो घास. चव विचारू नका, माती खाल्ली असं वाटलं. पोरीनं पोटभर खाल्लं, मी बी ताटातलं संपवलं, पानी पेली, अन् हात धुतल्या धुतल्या पळत सुटली बांधीकडं. हो, पळत. लोकं म्हनले असतीन हिले झालं तरी काय. पानी न्याचा बहाना म्हनून हातात कळशी घेतली, ती बी रिकामीच होती हे मले तिथं गेल्यावर दिसलं.

हे विळ्याले धार लावून राहिले होते. म्हने कायले आली, डोकं दुखते का? म्हनलं नाही. मंग? म्हनलं तुमी बरे हायेत ना? म्हने मले काय झालं? अन् मी धुऱ्यावर बसून सारं सांगून टाकलं, साप, फाटक, नवस, कोरडा शनिवार. हा मानूस आयुष्यात माह्यावर ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडला. जीव माहा, नवस माहा, अन् मलेच पत्ता नाही? इतके वर्स तू लोळत पडे अन् मी बाहेर विड्या फुंकत बसो, मले वाटे बाईचं दुखनं हाये, असंच राहते. माह्यापायी होतं हे? मले कोनं विचारलं होतं? विळा फेकला, मंग सोताच उचलून आनला, अन् बाजूले येऊन बसला. म्हने इंजेक्शननं वाचलो मी. मंग म्हने, मारुतीनं बी वाचवलं असन, पन तो एवढा कठोर नसन वो.

काही महिने बरे गेले. रविवारी सकाळी मी उठो, डोकं हालवून पाहो, नाही दुखे! डाक्टरीनबाईले मी आता सारं सांगतलं, ती रागावली नाही, म्हने मावशी, हे आधी सांगतलं असतं तं मी गोळी कायले वाढवली असती? कमी करून देली. पूनमलेही दाखवलं, तिचं लवकर धरलं म्हने, लवकर आवरन. आत्याबाई मातर शनिवारी माह्याशी बोले नाही. शुक्रवारी भांडे, रविवारी भांडे, शनिवारी चुप.

अन् मंग चैतात हे भंडाऱ्याले गेले होते मोटरसायकलनं, येताना कारध्याचा पूल ओलांडला अन् रेतीच्या ट्रकमधून सांडलेल्या रेतीवर गाडी घसरली. हात मोडला. शनिवार होता. माह्या पोटात भात होता अन् मोबाइल वाजला.

दवाखान्यात आत्याबाईनं मले काही म्हनलं नाही, फक्त पाह्यलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. हे पलस्तर लावून हासून राहिले, म्हने अवं माय, त्या ट्रकवाल्याच्या बायकोनं बी जेवलं होतं का ते विचारून या ना. पुढच्या शनिवारी मी ताट वाढून घेतलं अन् घास काही गिळवे ना. तोंडापर्यंत जाये अन् हात मागं ये. नाही खाल्लं, पानी बी नाही पेली. समजते सारं ताई, डाक्टरीनबाईचा एक ना एक शब्द पाठ हाये माहा, पन समजलं म्हनून हात थोडीच ऐकते? अन् रविवारी जे डोकं उठलं, महिन्यायचं राहून गेलेलं सारं एकाच दिसात. हे एका हातानं माह्यापुढं लोखंडी टोपलं धरून बसले. दुसरा हात पलस्तरात. मी ओको अन् टोपलं हाले, सांडे, मंग सोताच्याच गुडघ्यात दाबून धरलं. आत्याबाई दारातून पाहत होती. लेक तिचा, मोडक्या हाताचा, अन् सून तिची, अशी. लय वेळ पाहत होती.

दुसऱ्या दिवशी म्हनली, तू जेवत जा. जीभ माही होती, तं पोट बी माहंच राहीन, मी धरतो. मी म्हनलं आत्याबाई, तुमाले साखर हाये, तुमी गोळ्या खाता. ती म्हने मले कोन शिकवून राहिलं. ऐकते काय ती? अन् एका शनिवारी मी शाळेतून आली तं म्हातारी अंगनात तुळशीपाशी घामानं भिजून पडून, ओठ हालून राहिले, शब्द नाही. गोळी खाल्ली होती, पोटात काही नव्हतं. मी साखरेचं पानी चमच्या चमच्यानं पाजलं, मांडीवर डोकं घेतलं, हातपाय चोळले. शुद्धीवर आली अन् पहिला शब्द काय? अवं, पानी पाजलं का तू मले? व्रत मोडलं ना माहं! ताई, मी हासली बी अन् रडली बी.

मंग मी बी हट्टाले पेटली. शनिवारी दोन ताटं वाढली, एक तिच्यापुढं, एक माह्यापुढं. म्हनलं तुमी नाही खाल्लं तं मी बी नाही खात. मी तुमच्या लेकासाठी नाही, तुमच्यासाठी उपाशी राहीन, अन् उद्या माहं डोकं उठन तवा टोपलं तुमी धरा. भात थंडा झाला, वरनावर साय आली. मंग चिवडला, एक घास घेतला, डोळ्यातून पानी, अन् तोंडानं शिव्या, एकोडीची आवदसा म्हने मले. मी म्हनलं हाव, आवदसाच हाये, खा आता.

डोकं पूरं गेलं का म्हनाल तं नाही गेलं. हे जानारं नाही म्हने डाक्टरीनबाई, सांभाळायचं हाये. महिन्यातून एखाद्या खेपेले येते, मी लगेच गोळी घेतो, अंधाऱ्या खोलीत पडतो, अर्ध्या दिसानं उठतो. पूनम डबा घेतल्याशिवाय बसमंदी चढत नाही. अन् भेव? भेव नाही गेलं. कोन म्हनते गेलं? आज शनिवारच हाये ना, अन् हे मोडलेला हात डाक्टरले दाखवाले भंडाऱ्याले गेले हायेत, तोच रस्ता, तोच पूल. म्हनून तं मघापासून उठबस करून राहिली. आमी दोघी बी शनिवारी खातो अन् दोघी बी रस्त्याकडं पाहतो, ती म्हनत नाही, मी म्हनत नाही. काही होईन का? होईन बी. मानसाले काही ना काही होतच राहते, उपाशी राहिलं तरी होते अन् जेवलं तरी होते. तुमी लिहिता ना, तं हेही लिहा का कुसुमले माहीत नाही.

आवाज आला का तुमाले? म्हातारी बोंबलून राहिली. आयका काय म्हनते, अवं ये ना, कवाची ताट घेऊन बसली, तू नाही आली तं मी घास नाही लावत तोंडाले! आली, आत्याबाई, आली! चला ताई, उठा, तुमी बी उन्हातून आल्या, सकाळपासून चहावरच असान. तिसरं ताट घेतो. देव तुमचं भलं करो, पन आधी जेवून घ्या.